कोणतं बोट, ते आधी सांग

या महिन्यात तीन पत्रं एकाच विषयावर आली. तिघांचंही म्हणणं एकच, वजन उचलताना हाताला काहीतरी वेगळंच होतं. कुडाळात फिजिओथेरपी करायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. पूर्वी अशी तक्रार घेऊन खलाशी यायचे, चिरेखाणीवरचे कामगार यायचे. आता जिममधली मुलंही येतात. तिन्ही पत्रांतल्या एकाला थांबून चालणार नव्हतं, म्हणून ते पहिलं घेते.

प्रश्न : माझं वय ५२. साखर थोडी वाढली म्हणून दोन महिन्यांपूर्वी जिम लावली. डंबेल मारताना डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत जड होतो, आतून आवळल्यासारखा वाटतो. थांबलो की पाच मिनिटांत बरं वाटतं. हल्ली घरासमोरची घाटी चढतानाही तसंच होतं. खांद्यासाठी कोणते व्यायाम करू? (रत्नागिरी)

उत्तर : भाऊ, मी तुम्हाला खांद्याचा एकही व्यायाम सांगणार नाही. घाटी चढताना तुमच्या हातात डंबेल नसतं, तरी हात आवळतोच. पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला. तेव्हा जे बोलले तेच इथे लिहिते आहे, कारण असंच होणारे आणखी कुणी हे वाचत असतील.

खांद्याचं दुखणं हात कसा हलतो त्यावर असतं. हात वर नेला की दुखतो, त्या कुशीवर झोपलं की दुखतो. श्रमाबरोबर येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं, मग श्रम हाताचे असोत वा पायांचे, आधी हृदयाचं समजायचं. साखर असलेल्या माणसाच्या छातीत कळ येईलच असं नाही. आरामात पडून काढलेला ईसीजी चांगला आला तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ट्रेडमिलवरची चाचणी हवी का, आणखी काही हवं का, ते डॉक्टर ठरवतील. तोवर जिम बंद आणि घाटीही बंद, लांब पडलं तरी रिक्षाने सडकेवरून घरी जा. बसल्या जागी हात किंवा छाती आवळून आली, घाम फुटला, तर १०८ ला फोन करायचा. कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून दवाखाना गाठायचा नाही.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांचा आहे. देवगड तालुक्यात आमची आंब्याची कलमं आहेत. पोलीस भरतीसाठी दीड वर्ष जिमला जातोय. दोन महिन्यांपासून बेंच प्रेस आणि ट्रायसेप्स मारताना उजव्या हाताला मुंग्या येतात, हात बधिर होतो. कधी रात्रीही जाग येते. जिममधले म्हणतात पंप आलाय, नसांत रक्त भरतंय, सवय होईल. आई म्हणते अशक्तपणा आहे. मेडिकलमधून बी-१२ च्या गोळ्या आणून महिनाभर खाल्ल्या. एकाने कोपराला पट्टा आवळून बांधायला सांगितलं. नस दबली असेल तर भरतीत बाद करतील का? थांबू की करत राहू?

उत्तर : तुझ्या पत्रात सगळं होतं, फक्त मला हवं ते नव्हतं. मुंग्या कोणत्या बोटाला येतात? म्हणून मी तुला उलट काम दिलं. कागदावर हात ठेव, पेन्सिलीने भोवती रेघ मार, तळव्याची बाजू एक आणि पाठीमागची एक. मग मुंग्या येत असतील तेवढाच भाग रंगव. चार दिवसांनी तुझा कागद आला. करंगळी पुरती निळी. अनामिका तू आधी सगळी रंगवली होतीस, मग खोडून फक्त करंगळीकडची अर्धी बाजू ठेवली होतीस. खोडरबराने कागद तिथे पातळ झालाय. म्हणजे तू पुन्हा बेंचवर गेलास, उठून बोट चाचपलंस आणि दुरुस्ती केलीस. तुझ्या सगळ्या पत्रातली माझ्या सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ते अर्धं बोट.

आपल्याकडे नस हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. एक नस रक्ताची, दुसरी संवेदनेची. पुस्तकात हिला मज्जातंतू म्हणतात. जिममधली मुलं पहिलीबद्दल बोलतायत, तुझी तक्रार दुसरीची आहे. पंप आला की दंडाचं मांस भरून येतं, कातडी ताणते. त्याने दीड बोट झोपी जात नाही.

करंगळीला आणि अर्ध्या अनामिकेला येणाऱ्या नसेचं नाव अल्नर. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो ना, त्याच्या मागच्या खाचेतून ती जाते. तिथे तिच्यावर मांस नाही, चरबी नाही, वर जवळजवळ नुसती कातडीच. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत लखकन वीज जाते, ती हीच. कोपर सरळ असेल तेव्हा तिला जागा असते. जसं वाकवावं तशी ती खाच अरुंद होते आणि नस हाडाला वळसा घालून ताणली जाते. आता तुझा दिवस बघ. बेंचवर उताणं पडून बार छातीशी आणलास, कोपर वाकलं. ट्रायसेप्ससाठी बार कपाळाशी आणलास, पुरतं वाकलं. रात्री हात उशाला घेऊन झोपलास तर तासन् तास वाकलेलं.

शिवाय तू लिहिलेले दोन महिने मोजले तर पाडव्याच्या पुढे येतात, म्हणजे ऐन हंगाम. तुला विचारलं तेव्हा कळलं की सकाळी कलमांवर झेला, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने आंबे उतरवणं, दुपारी पेट्या भरणं, मग टेम्पोत चढवणं, आणि पेटीच्या फळीवर उजवं कोपर टेकून बागायतीचा हिशोब फोनवर. जिम त्याच्यानंतर. नुसत्या बेंचने हे झालं असं मला वाटत नाही. नस दिवसभर चिडलेली असते, बेंचवर ती फक्त बोलते.

झेल्याचं ऐकून मला मान आठवली. मान मागे टाकून तासभर वर बघत काठी चालवायची, त्यात मानेतली नसही दबू शकते. मानेच्या मणक्यांतून सर्वांत खाली निघणारी नस करंगळीलाच येते. मग फरक कसा ओळखायचा? दोन खुणा आहेत. मानेतून येणाऱ्या मुंग्या सहसा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूलाही उतरतात आणि अनामिका पूर्ण धरतात. कोपरातली नस दबली तर मुंग्या मनगटाच्या वर चढत नाहीत आणि अनामिकेची वाटणी होते, अर्धी जागी, अर्धी झोपलेली. म्हणूनच तुझं खोडलेलं बोट मला इतकं मोलाचं वाटलं. फोनवर तुला कापसाचा बोळा घेऊन कोपरापासून मनगटापर्यंत फिरवायला लावलं, दोन्ही हातांना स्पर्श सारखाच लागला. आढ्याकडे बघत अर्धा मिनिट थांबलास, तेव्हाही मुंग्या आल्या नाहीत. माझा कौल कोपराकडे आहे. पण फोनवरचा कौल म्हणजे तपासणी नव्हे. एकदा कुणीतरी हात लावून बघायलाच हवं.

त्याआधी एक गोष्ट आजच कर. साधा कागद दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये सपाट धर, अंगठे सरळ ठेव, आणि बहिणीला तो ओढायला सांग. उजव्या अंगठ्याचं पेर कागद धरून ठेवायला वाकलं तर त्या नसेचे स्नायू कमजोर झाले असं समज. अंगठा आणि तर्जनीमधला हाताच्या पाठीवरचा मांसल फुगवटा दोन्ही हातांचा शेजारी ठेवून बघ, उजवीकडे खळगा पडलाय का. शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळतात का. यातलं एक जरी असलं तर सहा आठवडे वाट बघायची नाही. अस्थिरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञाकडे जायचं, ते नसेचा वेग मोजायची तपासणी सांगतील. आपल्याकडची माणसं त्यासाठी कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ गाठतात. गाडीभाड्याकडे बघून ते पुढे ढकलू नकोस. खराब झालेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून पंजा पाऊण ते एक फूट. हिशोब तूच कर, महिन्यांत येईल. नस नुसती चिडलेली असेल तर मात्र काही आठवड्यांत निवळते, आणि तुझी अजून त्याच टप्प्यावर असावी असं मला वाटतं.

पट्टा सोड. कोपराला आवळलेला पट्टा नेमका त्या खाचेवर बसतो. बी-१२ कमी असणं आपल्याकडे दुर्मिळ नाही, पण त्याच्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांपासून, दोन्ही बाजूंना सारख्या सुरू होतात. एका हाताच्या दीड बोटात, तेही फक्त बेंचवर, अशा येत नाहीत. रक्त तपासून कमी आढळलं तर गोळ्या घे, अंदाजाने नको.

पुढचे सहा आठवडे कोपर काटकोनापेक्षा जास्त वाकेल असं काही वजनाने करायचं नाही. कपाळाकडे बार आणायचा ट्रायसेप्स बंद, डिप्स बंद. बेंच करायचाच असेल तर जमिनीवर पाठ टेकून कर, दंड जमिनीला लागले की बार तिथेच थांबतो. वजन निम्म्यावर आण. सेट चालू असताना मुंग्या आल्या तर बार ठेवून दे, मोजणी पूर्ण करू नकोस. स्नायूची जळजळ सोसायची असते, नसेची नाही. हा फरक मी रोज सांगते आणि मुलं रोज उलटं करतात. पाय, पोट, धावणं जोरात चालू दे. रात्री जुना पंचा कोपराभोवती सैलसर गुंडाळ, जाड घडी वाकायच्या बाजूला, म्हणजे झोपेत हात दुमडणार नाही. बोलायला इअरफोन. आणि पेटीच्या फळीवर कोपर टेकणं आजपासून बंद.

भरतीचं विचारलंस. मुंग्या येतात म्हणून बाद होशील असं मी म्हणणार नाही. पकड गेली, हाताचं मांस वाळलं, तर अडचण येईल, आणि ते होऊ नये म्हणूनच आत्ता थांबायचं. गोळाफेकीचा गोळा ७.२६० किलोचा. मानेशी धरला की कोपर पुरतं वाकलेलं आणि वर भार. सरावात मुलं गोळा मानेशी धरून रांगेत गप्पा मारत उभी असतात. तू तो खाली ठेव, पावलांचा सराव रिकाम्या हाताने कर, फेकायच्या वेळीच उचल.

इतर वाचकांसाठी थोडं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची दुसरी अर्धी बाजू झोपत असेल, रात्री हात झटकला की बरं वाटत असेल, तर दुसरी एक नस मनगटात दबते आहे. बार बोटांच्या मुळाशी धरून मनगट मागे मोडू देणाऱ्यांना हे फार होतं. बार तळव्याच्या टाचेवर, हाताच्या हाडांच्या बरोबर वर आला पाहिजे. मुंग्या मानेपासून उतरत असतील आणि पंजा डोक्यावर ठेवला की आराम पडत असेल, तर मानेकडे बघायला हवं. पायही लटपटत असतील किंवा दोन्ही हात एकदम बधिर होत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आता रक्ताच्या नसेबद्दल. हे लिहिताना माझा हात अजूनही जड होतो. मला काम सुरू करून दोन वर्षं झाली होती. माझा मामेभाऊ, मालवणचा, एकवीस वर्षांचा, होडीवर जायचा आणि संध्याकाळी तालमीत बार ओढायचा. एके दिवशी त्याचा उजवा हात सुजला, सदऱ्याची बाही दंडाला रुतायला लागली. मामीने फोन केला : "हात जड जाता म्हणता, रंग निळसार दिसता." मी विचारलं नाही की खांद्यावर, छातीवर शिरा उठल्यात का. स्नायू दुखावला असेल, शेक द्या म्हणाले. शेजारच्या जाणत्याने नस चढली म्हणून तेल लावून चोळलं. पाचव्या दिवशी त्याला श्वास घेताना छातीत कळ आली. कोल्हापूरला नेल्यावर कळलं, गळपट्टीच्या हाडाखाली रक्ताच्या नसेत गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. तो वाचला. पण जाळं वाळत घालायला हात वर धरला की अजूनही हात भरून येतो त्याचा, आणि तो मला कधी काही बोलत नाही.

गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या कात्रीत ती नस सापडते. हात पुन्हा पुन्हा डोक्यावर नेऊन जोर लावणाऱ्या तरुण, धडधाकट माणसांतच हे जास्त दिसतं. जेम्स पॅजेटने १८७५ साली आणि श्रोटरने १८८४ साली याबद्दल लिहिलं, त्या दोघांच्या नावाने हा आजार ओळखला जातो. म्हणजे मी शिकत होते तेव्हा तो पुस्तकात होता. एकच हात सुजला, निळसर झाला, जड पडला, खांद्यावर नव्या शिरा दिसल्या, तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, सकाळ होण्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी इस्पितळात जाऊन नसेची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे आतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी तपासणी, करा म्हणायचं. तुला हे नाहीये बाळा, तुझ्या दोन्ही दंडांची मापं मी फोनवर घेतली. तरी तुझ्या जिममध्ये हे वाचून दाखव.

प्रश्न : ताई, माझी मुलगी १५ वर्षांची आहे. वर्षभर वेटलिफ्टिंग शिकते. स्नॅच करताना बार डोक्यावर गेला की तिची कोपरं सरळच्या पुढे, उलटी वाकल्यासारखी दिसतात. गेल्या आठवड्यात डाव्या कोपरात करंट मारला म्हणाली आणि बार सोडून दिला. सासूबाई म्हणतात, उंची खुंटेल, हात मोडून घेईल, सोडायला सांग. काय करू? (वेंगुर्ला)

उत्तर : उंचीची काळजी सोडा. चांगल्या देखरेखीखाली वजन उचलल्याने उंची खुंटत नाही. सासूबाईंना सांगा, ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई वेटलिफ्टरच होती : कर्णम मल्लेश्वरी, २००० साली सिडनीत.

हाताची काळजी मात्र त्यांची खरी आहे. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरचं आठवत असेल. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात क्लीन अँड जर्क करताना त्याचं कोपर दुखावलं. २४८ किलोवर रौप्य मिळालं, सुवर्ण एका किलोने गेलं. कोपर हा या खेळातला नाजूक सांधा आहे, आणि डोक्यावर बार घेऊन ते पूर्ण सरळ करावंच लागतं, नाहीतर उचल धरत नाहीत.

मुलींची कोपरं थोडी मागे जाणं हा बहुतेक वेळा जन्मजात सैलपणा असतो, रोग नव्हे. तिला दोन्ही हात समोर, तळवे वर करून धरायला सांगा. दोन्ही कोपरं सारखीच मागे जात असतील तर ती तिची ठेवण. डावंच जास्त जात असेल तर दाखवायला हवं. अशा मुली बार वर नेऊन सांध्यावर टेकवतात, भिंतीला पाठ टेकावी तसं. तिने दंडाच्या मागच्या स्नायूने कोपर धरायला शिकायला हवं, सरळ झालं की तिथेच, पुढे नाही. हे आधी काठीवर शिकायचं. बायकांचा बार नुसता १५ किलोचा असतो, तोही आत्ता नको.

करंट आतल्या बाजूने करंगळीकडे गेला असेल तर वरच्या उत्तरातलीच ती नस. पण तिचं वय पंधरा. या वयात कोपराच्या आतल्या उंचवट्याचं हाड मुख्य हाडाला पुरतं जुळलेलं नसूही शकतं. त्या उंचवट्यावर बोटाने टिचकी मारून बघा. ती कळवळली, किंवा हात पूर्ण सरळ करता येत नसेल, तर एक्स-रे काढून घ्या, आणि दोन्ही कोपरांचा मागा, तुलनेला लागतो. तोवर डोक्यावर काहीही नेणं बंद. पायांचं काम चालू राहू दे, तिला घरी बसवू नका. प्रशिक्षकांना स्वतः भेटून सांगा, मुलीच्या तोंडून निरोप नको. मुली दुखतंय हे अर्धंच सांगतात, संघातून काढतील म्हणून.

आणि मला एक व्हिडिओ पाठवा. तिने नुसती काठी डोक्यावर धरलेली, तुम्ही तिच्या कडेला उभ्या, मोबाईल तिच्या कोपराच्या उंचीवर. चेहरा नसला तरी चालेल, डावं कोपर दिसलं पाहिजे.